चुडाव्याचे परसदार, मोती आणि रविवारच्या वाटा

पूर्णा जंक्शन सोडून नांदेडकडे निघालेली सवारी गाडी प्रथम थांबते ती चुडाव्याला. त्यानंतर लिंबगाव आणि मग नांदेड. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जो मीटरगेज लोहमार्ग टाकण्यात आला, त्यावरील हे एक लहानसे स्थानक. १९९०च्या दशकात येथील मार्ग ब्रॉडगेज झाला. आता रुळांची दुसरी जोडीही पडली आहे आणि लांब पल्ल्याच्या गाड्या चुडाव्याकडे न पाहता निघून जातात. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील या गावाभोवती काळ्याभोर जमिनीचा सपाट प्रदेश पसरला आहे. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच माती चपलेला धरून ठेवते. कापूस, ज्वारी, तूर, अलीकडे सोयाबीन आणि पाण्याची सोय असेल तेथे ऊस व हळद, ही येथील लक्ष्मी होय.

या गावात एका जैन दाम्पत्याचे जुने घर आहे. पुढे दुकान, मध्ये राहते घर आणि मागे विहिरीसह परसदार, अशी मराठवाड्यातील व्यापारी घरांची जी जुनी रचना आहे तीच येथे दिसते. गृहस्थांनी पस्तीस वर्षे भुसार मालाचा व्यापार केला. तराजू, थप्पी, उधारीची वही आणि हंगामाची धांदल यांपलीकडे जग पाहण्यास त्यांना सवड मिळाली नाही. रविवारीही दुकान उघडेच असे. मुलगा पुण्यास नोकरीला लागला, मुलगी सासरी गेली, दुकान पुतण्याने हाती घेतले आणि दोघांच्या हाती एकाएकी मोकळा वेळ आला. घरामागची जागा आणि घरात आलेला एक मुका जीव, या दोहोंनी तो वेळ भरून काढला.

तो जीव म्हणजे मोती. २०१६ सालच्या उन्हाळ्यात तो आला. त्या वर्षी मराठवाड्यात पाण्याचे इतके दुर्भिक्ष होते की लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. चुडाव्याच्या त्या घरातील विहीरही तळाला गेली होती. परसदारी पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळातले पाणी एक गावठी पिल्लू रोज दुपारी येऊन पिऊ लागले. चार दिवस ते पाणी पिऊन निघून जाई. पाचव्या दिवशी ते तेथेच परळाजवळ निजले आणि पुढे कधी गेले नाही. कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या रब्बी ज्वारीच्या एका वाणाचे नाव ‘परभणी मोती’ असे आहे. भुसार व्यापाऱ्याच्या घरी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पिल्लाला याहून समर्पक नाव सुचणे कठीण होते.

गृहिणींना प्रारंभी हे पसंत नव्हते. घरात चौक्याची शुद्धता कटाक्षाने पाळली जाते. पाणी गाळून वापरले जाते आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकते. अशा घरात श्वान कसे राहणार? अखेर मर्यादा ठरली. मागील पडवी आणि परसदार एवढे मोतीचे राज्य. उंबरठ्याच्या आत त्याने यायचे नाही. आश्चर्य असे की, ही मर्यादा माणसांपेक्षा त्यानेच अधिक काटेकोरपणे पाळली. त्याचे जेवणही घरच्या शिस्तीप्रमाणे दिवस मावळण्यापूर्वी होऊ लागले. भाकरी, वरण, दूध, दही, पनीर आणि उकडलेला भोपळा असा त्याचा आहार परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तज्ज्ञांना विचारून ठरविण्यात आला. तेथेच त्यांना एक गोष्ट नव्याने कळली. कांदा आणि लसूण कुत्र्यांसाठी विषारी असतात. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यामुळे नष्ट होतात. ज्या घरात पिढ्यानुपिढ्या कांदा-लसूण शिजला नाही, तेथील वरण मोतीला निर्धोक होते. मात्र द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही त्याला अपायकारक असल्याचे समजल्यावर सुक्या मेव्याचे डबे वरच्या फळीवर गेले. रेबीजची लस दरवर्षी न चुकता टोचली जाते आणि तिची नोंद दुकानाच्या वहीप्रमाणेच तारीखवार ठेवली जाते.

परसदाराची कथाही अशीच हळूहळू उलगडत गेली. काळी जमीन शेताला वरदान असली तरी घरच्या बागेला ती सहज वश होत नाही. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते व मुळे कुजतात. उन्हाळ्यात ती आक्रसते व मुळे तुटतात. पहिल्या वर्षी लावलेली टोमॅटोची रोपे श्रावणात पिवळी पडून गेली. तेव्हा दोघांनी विटांच्या कडा करून वाफे हातभर उंच केले आणि त्यांत मुरूम, वाळू व कुजलेले शेणखत मिसळले. वर पालापाचोळा आणि कडब्याचे आच्छादन अंथरल्यावर ओल टिकू लागली व भेगाही थांबल्या.

जैन घराच्या परसबागेला काही स्वाभाविक बंधने असतात. बटाटा, मुळा, गाजर, रताळे ही कंदमुळे येथे नाहीत. त्यामुळे काढणीसाठी जमीन उकरण्याचा प्रसंगच येत नाही. वेलांना मात्र मुक्तद्वार आहे. दोडका, दुधी, कारले आणि वाल यांनी मांडव भरून जातो. खाली गवार, मिरची, टोमॅटो आणि भेंडी असते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असल्याने मेथी व पालकाचे वाफे त्या काळात रिकामे राहतात. त्यांत ताग पेरला जातो. फुले येण्यापूर्वी तो कापून, मातीत न गाडता, वरच अंथरतात. माती खालीवर केली म्हणजे तिच्यातील असंख्य जीवांना इजा होते, हा त्यामागचा विचार. जमिनीलाही हे मानवले आहे, कारण त्यानंतर कार्तिकात पेरलेली मेथी शेणखत न घालताही चांगली वाढते.

या बागेचे खरे वैभव भेंडी होय. भेंडीवर पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पानांच्या शिरा पिवळ्या करणारा रोग शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याला केवडा म्हणतात. १९७२ साली परभणी येथे स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने, जे आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते, १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. नेहमीच्या भेंडीचा तिच्या रानटी भाईबंदाशी संकर करून ही रोगप्रतिकारशक्ती आणलेली आहे. फवारणी टाळू पाहणाऱ्या कुटुंबास असा वाण म्हणजे मोठाच आधार. शिवाय तो सुधारित सरळ वाण असल्याने घरचे बी धरून पुढील वर्षी पेरता येते. तरीही कीड आलीच तर निंबोळीचा अर्क वापरतात. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून शिंपडली म्हणजे कडवटपणामुळे किडी त्या पानांना तोंड लावण्याचे टाळतात. कोवळी पाने वाचली तर वाचली. उरलेली त्यांची, असा गृहिणींचा हिशेब असतो.

रविवारच्या सहलींचा प्रारंभ मोतीमुळेच झाला. रेल्वेच्या साध्या डब्यात कुत्र्याला नेता येत नाही. त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते किंवा वातानुकूलित प्रथम वर्गाचा कक्ष घ्यावा लागतो. चुडाव्याला थांबणाऱ्या सवारी गाडीत हे कोठून जमणार? म्हणून दुकानात माल पोहोचविण्यासाठी वापरली जाणारी जुनी मारुती ओम्नी झाडून-पुसून सहलीस सिद्ध झाली. पहाटे निघायचे, ऊन चढण्यापूर्वी परतायचे, बरोबर पाण्याचा कॅन आणि मोतीचे भांडे ठेवायचे, असा नियम झाला. चैत्र-वैशाखात सकाळी दहानंतर डांबरी रस्त्यावर त्याला चालवायचे नाही, हेही एकदा त्याचे पंजे पोळल्यानंतर ठरले.

पहिली सहल पूर्णा आणि गोदावरी यांच्या संगमाकडे, कंठेश्वरला झाली. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून, येलदरी व सिद्धेश्वर या धरणांतून पुढे येणारी पूर्णा येथे गोदावरीत विसर्जित होते. गृहस्थांनी या परिसरातील माल पस्तीस वर्षे विकत घेतला होता. परंतु संगम पाहिला नव्हता. पुढे माघ-फाल्गुनात वसमतच्या वाटेवर हळद शिजविण्याच्या कढया, वाळत घातलेल्या पिवळ्याधमक हळकुंडांचे पट्टे आणि हवेतील तो तीव्र, उबदार वास त्यांनी प्रथमच गाडी थांबवून अनुभवला. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या दोघांना आपल्या ओळखीच्या कोणाचा सत्कार झाल्यासारखे वाटले. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराचा परिसर, विष्णुपुरीचा जलाशय, औंढ्याचे नागनाथ मंदिर, अशी एकेक स्थळे पाहून झाली.

मात्र दर्शनाच्या ठिकाणी एक अडचण उभी राही. मोतीला आत नेता येत नसे आणि वाहनात कोंडून ठेवणे दोघांनाही रुचत नसे. तेव्हा एकाने आत जावे व दुसऱ्याने मोतीसह झाडाखाली थांबावे, असे ठरले. प्रत्यक्षात झाडाखाली थांबण्याचे काम बहुधा गृहस्थांकडेच येई. त्यांना त्याची खंत नव्हती. फुलवाल्याचे माप, चहाच्या टपरीवर चाललेली तुरीच्या भावाची चर्चा, बैलगाडीतून उतरलेल्या म्हातारीची लगबग, हे सारे पाहण्यात त्यांचा वेळ जाई. परतताना गृहिणी मूर्तीचे वर्णन करीत आणि गृहस्थ गावाचे. अशा रीतीने प्रत्येक स्थळ दोघांनाही निम्मे पाहून पूर्ण मिळे.

जिंतूरजवळील नेमगिरीची सहल त्यांच्या विशेष स्मरणात आहे. परभणीहून सुमारे चाळीस किलोमीटरवरील जिंतूर गावाबाहेर, डोंगरातील लहान लहान गुहांमध्ये भव्य जिनबिंबे विराजमान आहेत. द्वारे इतकी बुटकी की वाकल्यावाचून प्रवेश होत नाही. आत शिरून मान वर करावी तो भगवान नेमिनाथांची विशाल मूर्ती समोर येते. लहानशा पाषाणाच्या आधारावर जणू अधांतरी स्थिर असलेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहून गृहिणी बराच वेळ तेथून हलल्या नाहीत. त्या दिवशी प्रथमच त्यांनी बाहेर येऊन पतीस म्हटले, “अहो, आता तुम्ही जा. हे सांगून कळायचे नाही.” मोतीची साखळी त्यांनी आपल्या हाती घेतली, पण ती दोन बोटांत, अंग चोरूनच.

एका वर्षी भाद्रपदात, पर्युषण पर्व चार दिवसांवर आले असता, या घरावर एक कसोटीचा प्रसंग आला. सकाळी भेंडी तोडण्यास गेलेल्या गृहिणींना वाफ्याच्या कडेला एक खार मरून पडलेली आढळली. जवळच मोती शेपटी हलवीत उभा होता. त्याने आपले काम केले होते आणि शाबासकीची वाट पाहत होता. गृहिणींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्या घरात येऊन मुकाट बसल्या व त्या दिवशी त्यांनी उपवास धरला. ज्या बागेत पानावरची अळीही जपली जाते, तेथे आपल्याच अन्नावर वाढलेल्या जीवाने दुसऱ्या जीवाचा घात करावा, हे त्यांना असह्य झाले. पक्ष्यांसाठी व खारींसाठी दाणे टाकून त्यांना बोलावणारे आपण आणि तेथेच कुत्रा मोकळा सोडणारेही आपणच. मग हिंसा कोणाची? हा प्रश्न त्यांनी पतीस विचारला. त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

मोतीला एखाद्या शेतावर देऊन टाकावे, असा विचार त्या आठवड्यात घरात झाला. लिंबगावकडील एक परिचित शेतकरी तयारही होते. निर्णय मात्र पर्व संपेपर्यंत थांबविण्यात आला. त्या दहा दिवसांत मोती पडवीत बांधलेला राहिला. गृहिणी त्याला जेवण घालीत, बोलत नसत. तोही भाकरी संपवून पुन्हा पंजांवर तोंड ठेवून निजत असे.

क्षमावणीनंतरच्या रविवारी ते नवागडला गेले. पूर्णा–परभणी लोहमार्गावरील मिरखेल स्थानकापासून हे अतिशय क्षेत्र जवळ आहे. येथील भगवान नेमिनाथांची श्यामवर्ण मूर्ती पूर्वी पूर्णेच्या काठी उखळद येथे होती. नदीकाठचे ते मंदिर जीर्ण झाल्यावर ती नवागडला आणण्यात आली. मूर्तीच्या अंगठ्यात परीस होता आणि लोभी हात पुढे येताच तो नदीत जाऊन पडला, अशी आख्यायिका या भागात सांगितली जाते. पावसाने उघडीप दिली होती. दोन्ही बाजूंस सोयाबीन पिवळे पडू लागले होते. वाहन थांबले. त्या दिवशी आत जाण्याचा क्रम गृहिणींचा होता, पण त्या खाली उतरून म्हणाल्या, “तुम्ही आधी जाऊन या. मी थांबते याच्यापाशी.”

त्या लिंबाखालच्या पारावर बसल्या. मोती थोड्या अंतरावर बसला. मग हळूच सरकत जवळ आला. विवाहासाठी निघालेल्या नेमिकुमारांनी वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला आणि रथ माघारी वळवून गिरनारचा मार्ग धरला, ही कथा त्यांनी बालपणापासून ऐकली होती. ती कथा ऐकताना प्रत्येक वेळी त्यांना राजुलमतीचे दुःख आठवे. त्या दिवशी प्रथमच त्यांचे मन त्या पशूंच्या कोंडवाड्यापाशी थांबले. पशू तेथे आपण होऊन आले नव्हते. कोणीतरी त्यांना आणले होते. त्यांच्या दुःखाचे उत्तरदायित्वही आणणाऱ्यांचेच होते. मोती कुत्रा आहे आणि तो कुत्र्यासारखाच वागणार. विवेक ज्याच्यापाशी आहे त्यानेच दक्षता घ्यावयाची. अर्ध्या तासाने गृहस्थ बाहेर आले तेव्हा मोतीचे डोके गृहिणींच्या मांडीवर होते आणि त्यांचा हात त्याच्या कानामागे फिरत होता. नऊवारीवर चिखलाचे दोन पंजे उमटले होते. “लिंबगावला नको कळवायला,” एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवसापासून व्यवस्था बदलली. मोतीच्या गळ्यात दोन घुंगरू आले. त्यांचा आवाज होताच खारी मांडवावर चढतात. पक्ष्यांचे दाणे आता परसदारी न टाकता गच्चीवर टाकले जातात. सकाळी व तिसऱ्या प्रहरी, जेव्हा बागेत पाखरांची वर्दळ असते, तेव्हा मोती पडवीत बांधलेला असतो. त्यानंतर आजवर तसा प्रसंग घडलेला नाही. गृहिणी मात्र रोज भेंडी तोडण्यापूर्वी वाफ्याची कडा पाहून घेतात.

आता मोती वृद्ध झाला आहे. मागचे पाय आखडतात. ओम्नीत चढताना त्याला उचलावे लागते. नेमगिरीचा चढ त्याला झेपत नाही. सहली आखूड झाल्या आहेत. पुष्कळदा गोदावरीच्या काठापर्यंत जाऊन, त्याला पाणी दाखवून दोघे परततात. पुण्याहून मुलाचा आग्रह वाढला आहे. सदनिका मोठी घेतली आहे, दवाखाना जवळ आहे, आई-वडिलांनी आता एकटे राहू नये, हे त्याचे म्हणणे रास्तच आहे. परंतु पाचव्या मजल्यावर मोती कोठे जाणार? जन्मभर मोकळ्या मातीवर निजलेल्या जीवास अखेरच्या दिवसांत फरशीवर बांधावे काय? आणि ज्याला एकदा देऊन टाकण्याचे टळले, त्याला आता दुसऱ्याच्या दारी सोडावे काय? दिवाळीत मुलगा आला तेव्हा गृहस्थांनी त्याला पडवीत मोतीशेजारी बसवून हे सारे सांगितले. व्यापाऱ्याच्या मुलास वेगळे समजावण्याची आवश्यकता पडली नाही. घेतलेला माल अर्ध्यावर परत करता येत नाही, हे तो दुकानात बसूनच शिकला होता. तो एवढेच म्हणाला, “मग मीच महिन्याला येत जाईन.”

तो परत निघाला तेव्हा आईने त्याच्या पिशवीत एक पुडी ठेवली. त्या वर्षी झाडावरच वाळू दिलेल्या ‘परभणी क्रांती’च्या शेंगांचे ते बी होते, राखेत घोळून फडक्यात बांधलेले. पुण्याच्या गच्चीत चार कुंड्यांत ते उन्हाळ्यात पेरले गेले. सूनबाई दर दोन दिवसांनी फोनवर विचारतात, पाणी किती घालू, माती कोणती मिसळू, पानाला छिद्र पडले आहे तर काय करू. सासूबाई चुडाव्याच्या पडवीत बसून उत्तरे देतात. घुंगरांचा मंद आवाज त्या फोनमधून पुण्यापर्यंत पोहोचतो आणि पलीकडून नातू विचारतो, “आजी, मोती उठला का?”